गुरुवारच्या स्टुलाबद्दल

आदरणीय काका,

तुमचे नाव मी कधी विचारले नाही. ग्लासगोतील दीड वर्षात मनातल्या मनात तुम्हाला ‘काका’च म्हणत आले. हे मराठी तुम्हाला वाचता येणार नाही, पण ज्यांनी मला आळशी ठरवले, त्यांना ते नक्की येईल.

त्या हिवाळ्यात एक जिना चढले, तरी दोन दिवस अंथरूण धरावे लागे. तपासण्यांत काहीच निघेना, तेव्हा एका डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहत ‘मन रमवा’ एवढाच सल्ला दिला, आणि ‘परदेशात गेल्यावर अशी थेरं सुचतात’ ही भर आमच्या नातेवाइकांनी घातली. एम.ई. (थोड्याशा श्रमानेही माणसाला पार गळून टाकणारा दीर्घ थकव्याचा आजार) हे दुखण्याचे नाव मला फार उशिरा कळले.

पावसाचा आडोसा म्हणून तुमच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात शिरले आणि काउंटरला टेकून उभी राहिले, तेव्हा तुम्ही काहीही न विचारता स्वतःचे स्टूल उचलून माझ्याजवळ ठेवलेत. दुखण्याचा पुरावा न मागता मला बसायला देणारे तुम्ही पहिले होतात. मग तुम्ही ‘बेल अँड सबॅस्टियन’ या ग्लासगोच्याच बँडचा ‘टायगरमिल्क’ हा पहिला अल्बम लावलात.

या बँडचा गायक स्टुअर्ट मर्डॉक याच आजाराने सात वर्षे कामधंद्याला मुकला होता आणि गाणी लिहायला त्याच काळात लागला, हे मला तुमच्याकडून समजले. बेरोजगार संगीतकारांसाठीच्या सरकारी प्रशिक्षणात त्याची आणि पुढे बँडमध्ये त्याचा जोडीदार झालेल्या स्टुअर्ट डेव्हिडची गाठ पडली. ग्लासगोतील स्टो कॉलेजच्या लेबलला, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या संस्थेला, वर्षाला एखादे सिंगल काढण्याची सवय, पण यांच्याकडे आख्ख्या अल्बमपुरती गाणी निघाली, आणि १९९६ मध्ये अवघ्या तीन दिवसांत ध्वनिमुद्रित झालेल्या त्या अल्बमच्या फक्त १,००० प्रती निघाल्या. बँडला मिळालेला १९९९ चा ब्रिट हा ब्रिटनमधला मोठा संगीत पुरस्कार तुम्ही एका वाक्यात उरकलात. नाव झाल्यावरही मर्डॉक चर्चच्या सभागृहावरील घरात राहून तिथली राखणदारी करत होता, हे मात्र तुम्ही दोनदा सांगितलेत, आणि दोन्ही वेळा तुमचा चेहरा घरच्या मुलाचे कौतुक करावे तसा खुलला होता.

त्यानंतर मी दर गुरुवारी येत राहिले. विकत फारसे काही घेतले नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. शेवटच्या गुरुवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी स्टूल रिकामे होते, एस.टी.त जागा धरायला रुमाल टाकतात, तशी त्यावर तुमची टोपी ठेवलेली होती.

आपली कृतज्ञ,
गुरुवारची गिऱ्हाईक