‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकानाही वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी अमदानीतल्या मुंबईच्या मुलांच्या शाळांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘वर्षागणिक चढता आलेख’ हे शब्द त्यात तीनदा आले आहेत. मी गिरगावातल्या एका शंभरी ओलांडलेल्या शाळेच्या कचेरीत ३१ वर्षं काढली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. आलेख कसे चढवतात हे थोडंफार ठाऊक आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

लेखाची सगळी भिस्त वार्षिक अहवालांवर आहे. अहवाल लिहितो कोण? ज्याला पुढच्या सालचे पैसे हवे असतात तो. १८४० साली मुंबई इलाख्यात एज्युकेशन बोर्ड आलं, तेव्हापासूनचे हे अहवाल. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही, पण शेवटपर्यंत वाचावेत. १८५०-५१ चाच घ्या. पैसा थोडा आहे, तेव्हा तो समाजातल्या वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च करावा, असं बोर्डानं त्यात सरळ मांडलं आहे. पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे निवेदन देताना डॉ. आंबेडकरांनी याच अहवालातले उतारेच्या उतारे काढून दाखवले. ज्या कागदात आपल्या लेखकाला प्रगती दिसली, त्यातच बाबासाहेबांना दाराला लावलेली कडी दिसली.

या वाटपाचं फळ लगेच दिसलं. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, आणि सरकारनंही नकार कायम ठेवला. धारवाड मुंबई शहरात नव्हतं हे खरं, पण निर्णय मुंबईतच झाला.

माध्यमाच्या वादावर लेखात एकच ओळ आहे. १८४७ च्या सुमारास बोर्डात दोन तट पडले होते. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूनं. समोर नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा, म्हणजे बोर्डातले तिन्ही ‘नेटिव्ह’ सभासद, आणि त्यांच्या जोडीला जर्व्हिस हा एक गोरा लष्करी अधिकारी. मुलांना मराठी-गुजरातीतून शिकवा, असं या चौघांचं म्हणणं. आजही शाळेच्या फाटकाशी उभे राहिलेले पालक यावरच भांडतात, त्यामुळे इथे चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर बिघडलं नसतं.

विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची. १३२ मुलं बसली, २२ पास झाली. त्यांत न्या. रानडे होते, हे आपण छापलंत. उरलेली ११० मुलं कुठे गेली? तीही याच शाळांतून आली होती. १८६२ च्या पहिल्या बी. ए. मधले चौघे, रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक, आपल्याला तोंडपाठ असतात. पहिल्या खेपेला मॅट्रिकला आपटलेल्या एकाचंही नाव मला सांगता येणार नाही. कारकुनीत राहूनसुद्धा.

त्यात १८६० च्या दशकात निकालावर ग्रँट द्यायची पद्धत आली. इन्स्पेक्टरसाहेब नाहीतर दिपोटी, म्हणजे त्यांचा डेप्युटी, येणार, परीक्षा घेणार, जितकी मुलं पास तितके रुपये. मग कच्च्या मुलाला त्या दिवशी घरी बसवायचा मोह कुणाला होणार नाही? दहावीला शंभर टक्के निकाल लागावा म्हणून नववीत मुलं गाळणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तेव्हाचे लोक काही वेगळ्या मातीचे नव्हते.

आता मुद्द्यावर येतो. अहवालाखेरीज शाळेत आणखी एक दस्त असतो, जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक मुलाच्या येण्याजाण्याची नोंदवही. आमच्या शाळेचं पहिलं रजिस्टर हातभर लांब, कापडी पुठ्ठ्याचं, पानांच्या कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या. त्यात ‘अभ्यासातील प्रगती’ असा रकाना आहे आणि तो पाहू नये, कारण तिथे सगळ्यांना ‘बरी’ लिहिलेलं आहे. पाहायचा तो शेवटून दुसरा, ‘शाळा सोडण्याचे कारण’. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग निघाला. आमच्या रजिस्टरात त्या ऑक्टोबरपासून खाली पानभर एकाच हाताचं अक्षर आहे: परगांवी, परगांवी, परगांवी. मध्येच एकदा ‘मयत’, आणि पुन्हा परगांवी. त्या सालच्या छापील अहवालात याला जेमतेम एक वाक्य दिलंय, त्यानंतर बक्षीस समारंभाला कोण कोण पाहुणे आले याची यादी.

साताऱ्याच्या हायस्कूलच्या रजिस्टरात बाबासाहेबांच्या प्रवेशाची, ७ नोव्हेंबर १९०० ची, १९१४ क्रमांकाची नोंद सापडली, म्हणून आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. तोच मुलगा पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ ला मॅट्रिक झाला. त्याच्या शाळाप्रवेशाचा दिवस आज सांगता येतो तो रजिस्टरामुळे.

हल्ली लोक ही रजिस्टरं उघडतात ती जातीच्या दाखल्यासाठी. ओबीसीच्या दाखल्याला १९६७ पूर्वीची नोंद हवी असते. एक गृहस्थ लांज्याहून आजोबांची नोंद काढायला आले. नोंद मिळाली. जात पाहून त्यांनी मोबाइलवर फोटो घेतला, मग बोट पुढे सरकत शेवटच्या रकान्यांवर गेलं. ‘फी बाकी. गिरणीत लागला.’ वय तेरा. आजोबा शाळेत हुशार होते, पण त्यांना शिकायचंच नव्हतं, असं त्यांच्या घरात सांगत आले होते म्हणे. ते बराच वेळ बाकावर बसून होते. मी चहा मागवला.

आमची शाळा पटसंख्येअभावी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शाळेत विलीन झाली. रजिस्टरं गोणपाटात बांधून जिन्याखाली ठेवली आहेत. वर पाण्याची टाकी आहे आणि ती गळते. व्यवस्थापनाला दोन अर्ज दिले, पोच मिळाली. अशा आणखी किती शाळांची दप्तरं कुठल्या जिन्याखाली पडली आहेत, याची आपल्या वार्ताहरांनी एकदा फिरून पाहणी करावी, आणि पुराभिलेख खात्याला किंवा शिक्षण विभागाला ती स्कॅन करून घ्यायला भाग पाडावं, एवढ्यासाठी हे पत्र. प्राथमिकच्या काही नोंदी मोडीत आहेत. मला मोडी येते, मोतीबिंदूही काढून झाला आहे. सकाळी अकरानंतर कधीही बोलवा.

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क, गिरगाव