फिरत्या शेगड्यांना ज्योत विझताच गॅस तोडणारी झडप सक्तीची करा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांच्या गाड्यांवर महापालिकेची कारवाई झाली की टेम्पोत रचलेल्या जप्त सिलिंडरांचे छायाचित्र वृत्तपत्रांत येते आणि थोड्याच दिवसांत त्याच कोपऱ्यावर दुसरा सिलिंडर उभा राहिलेला दिसतो. या निमित्ताने होणारी सगळी चर्चा सिलिंडरभोवती फिरते. तो घरगुती आहे की व्यावसायिक, त्याची पावती आहे की नाही आणि तो फुटपाथवर ठेवायला परवानगी कोणी दिली, हे सर्व विचारले जाते. मात्र त्या सिलिंडरला जोडलेल्या शेगडीत ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करण्याची काही सोय आहे का, असे विचारताना मी अजून कोणाला ऐकलेले नाही. गॅसच्या शेगड्या आणि झडपा दुरुस्त करण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. सिलिंडर धरपकडीचा विषय झाला आणि शेगडी मात्र सुटली, हे मला त्या अनुभवातून चुकीचे वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घरातील शेगडी भिंतीच्या आडोशाला, ओट्यावर, एका जागी असते. हातगाडीवरची, टपरीतली, वारीच्या दिंडीबरोबर ट्रकमधून जाणारी, मंडळाच्या महाप्रसादाला भाड्याने आणलेली किंवा मजुरांच्या खोलीत जमिनीवर मांडलेली एक बर्नरची शेगडी रोज हलवली जाते, वाऱ्यात पेटवली जाते, तिची नळी पायाखाली येते आणि तिच्यावर तिच्या मापापेक्षा मोठी भांडी चढतात. वाऱ्याचा एक झोत आला किंवा चहा उतू गेला की ज्योत विझते. कॉक मात्र उघडाच राहतो आणि गॅस पूर्वीइतक्याच वेगाने बाहेर पडत राहतो. गळती कळावी म्हणून एलपीजीमध्ये इथाइल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. पण मिरची-लसणाच्या फोडणीसमोर तासन् तास उभ्या असलेल्या माणसाला तो वास वेळेवर येईलच, यावर सुरक्षेची सगळी भिस्त ठेवणे मला पटत नाही.

उघड्या रस्त्यावर हा गॅस बराचसा पांगतो, हे खरे आहे. तरीही एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो गाडीखालच्या पत्र्याच्या कप्प्यात, शेजारच्या गटारात, प्लॅस्टिकच्या कागदाने तिन्ही बाजूंनी बंद केलेल्या टपरीत साचून राहतो. शिवाय रात्री गाडी बंद झाली की तीच शेगडी अनेकदा राहत्या खोलीत जाते आणि तिथे खरा धोका सुरू होतो. दोन किलोवॅट क्षमतेचा साधा बर्नर तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस सोडतो. वायुरूपात तो ६५ लिटरच्या आसपास भरतो आणि हवेत जेमतेम २ टक्के एलपीजी मिसळला तरी मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे न पेटलेला एक बर्नर तासाभरात सव्वातीन घनमीटर स्फोटक मिश्रण तयार करू शकतो. १० फूट बाय १० फुटांच्या बंद खोलीत ते तळाशी साचून राहिले, तर फरशीपासून फूटभर उंचीचा थर होतो आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्यांच्या खोलीत ही उंची नेमकी माणसांची असते. वडे-भजी तळण्यासाठी वापरतात त्या हाय-प्रेशर भट्टीचा गॅसखर्च याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे तिथे तासाभराची वाट पाहावी लागत नाही.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. बर्नरच्या कडेला ज्योतीत राहील अशी थर्मोकपलची एक बारीक सळई बसवतात. तापल्यावर तिच्यात काही मिलिव्होल्ट इतकी वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर कॉकमधील चिमुकला विद्युतचुंबक झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की सळई थंड होते, चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंग झडप मिटवते. त्यासाठी ना बॅटरी लागते, ना बाहेरची वीज. झडप मिटायला साधारण अर्धा ते एक मिनिट लागते आणि तेवढ्या वेळात आपल्या दोन किलोवॅटच्या बर्नरमधून फार तर अडीच ग्रॅम गॅस निसटतो. बाजारात या सोयीला फ्लेम फेल्युअर डिव्हाइस म्हणतात. ओट्यात बसवायच्या काही महागड्या हॉबमध्ये ती मिळते, म्हणजे भिंतीआड, चिमणीखाली, वाऱ्यापासून सुरक्षित असलेल्या शेगडीला ती मिळते आणि भर चौकात वाऱ्यावर उभ्या असलेल्या शेगडीला मिळत नाही. हे तंत्र आपल्याकडे परके आहे असेही नाही. न्हाणीघरातल्या गॅस गिझरमध्ये ज्योतीवर लक्ष ठेवणारा संवेदक असतो. ज्योत लागली नाही तर गिझर गॅस तोडतो आणि आपण त्याला काही विशेष समजत नाही.

या ठिकाणी एका गैरसमजाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. रेग्युलेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसवायचे, वर घड्याळासारखा काटा असलेले ‘गॅस सेफ्टी डिव्हाइस’ दारोदार आणि प्रदर्शनांत विकले जाते. विक्रेता नळी काढून दाखवतो, उपकरण खटकन गॅस अडवते आणि पाहणाऱ्याची खात्री पटते. प्रात्यक्षिक खोटे नसते. नळी सुटली किंवा तुटली की प्रवाह एकाएकी वाढतो आणि तो वाढलेला प्रवाह हे उपकरण रोखते. परंतु ज्योत विझून कॉक उघडा राहतो तेव्हा प्रवाह वाढतच नाही. स्वयंपाक चालू असताना जे तासाला १५० ग्रॅम जातात, तेच १५० ग्रॅम न जळता जातात. प्रवाहाच्या वेगावर चालणाऱ्या उपकरणाला यातला फरक कळण्याचा काही मार्ग नाही, तो फक्त ज्योतीशेजारी बसवलेल्या सळईलाच कळतो. उलट, नळीला उंदराने पाडलेले भोक ज्योतीवरच्या झडपेला कळत नाही. तिथे तारेची जाळी असलेली मानक नळी, तिची वेळच्या वेळी बदली आणि रात्री रेग्युलेटर बंद करण्याची सवय हेच उपयोगी पडते. एकच वस्तू लावून सर्व धोके टळतील असे सांगणारा विक्रेता ग्राहकाची दिशाभूल करतो, हे ग्राहक संघटनांनीही लोकांना सांगायला हवे.

परदेशात ही जबाबदारी वापरणाऱ्याच्या सावधगिरीवर सोडलेली नाही. ब्रिटनमध्ये २००८ पासून अनेक सदनिका असलेल्या इमारतींत नव्याने बसवल्या जाणाऱ्या गॅस शेगड्यांच्या प्रत्येक बर्नरला ज्योत-नियंत्रक असावा लागतो. जपानने त्याच वर्षी घरगुती गॅस शेगड्यांसाठी ज्योत विझल्यास आणि तळणीचे तेल प्रमाणाबाहेर तापल्यास गॅस तोडणाऱ्या सोयी कायद्याने आणल्या. तेलाची कढई पेटण्याचे प्रकार आपल्याकडेही होतात, हे लक्षात घेता त्यातला दुसरा भाग विशेष विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेत अंगणातल्या शेगड्यांना लागणाऱ्या छोट्या प्रोपेन सिलिंडरांमध्ये टाकी प्रमाणाबाहेर भरू न देणारी झडप असावी लागते आणि २००२ पासून अशी झडप नसलेली टाकी भरून दिली जात नाही. त्या टाकीला जोडायच्या प्लॅस्टिकच्या चाकीची रचनाही अशी असते की आसपास आग लागून तापमान ११५ ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत गेले की चाकी मऊ होते, जोडणी मागे सरकते आणि टाकीची झडप मिटते. तंबूत किंवा खोलीत वापरायच्या प्रोपेन हीटरमध्ये हीटर कलंडल्यास गॅस बंद करणारी कळ आणि हवेतील प्राणवायू नेहमीच्या २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरल्यास ज्योत विझवणारा पायलट (मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत), अशा दोन्ही सोयी तिथे रूढ आहेत.

या शेवटच्या सोयीचे मोल भारतीय पर्यटकांना कळायला हवे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे मुक्कामी असलेल्या केरळच्या ८ पर्यटकांचा, त्यांत लहान मुलांचाही, खोलीतल्या गॅस हीटरमुळे गुदमरून मृत्यू झाला. थंडीत मनाली, काश्मीर, नेपाळ येथे जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे आणि दारे-खिडक्या लावून खोलीत हीटर पेटवून झोपणे त्यांनाही अपरिचित नाही. शेगडी किंवा सिलिंडर घेऊन प्रवास करण्याचा आपला जुना सोसही इथेच येतो. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या खासगी पर्यटन डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरवर चहा-नाश्ता करण्याच्या प्रयत्नात आग लागली आणि ९ प्रवासी दगावले. रेल्वेत सिलिंडर नेण्यासाठी रेल्वे कायद्याच्या १६४ व्या कलमान्वये ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ती असूनही हे घडले.

आता बाजारातल्या सर्वांत वाईट वस्तूकडे येतो. दोन-तीन किलोचा, कोणत्याही अधिकृत कंपनीचा नसलेला छोटा सिलिंडर आणि त्याच्या तोंडावर थेट पिळून बसवलेला बर्नर, अशी जोडी विद्यार्थ्यांच्या वस्त्यांत, बांधकामांवर आणि आठवडी बाजारात सर्रास दिसते. तिला रेग्युलेटर नसतो आणि नळीही नसते. ज्योत आणि द्रवरूप गॅसचा साठा यांच्यामध्ये वीतभर अंतर असते. तो सिलिंडर मोठ्या सिलिंडरमधून उलटा करून, चोरून भरला जातो. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात असा गॅस काढण्याला २००० सालच्या एलपीजी नियमन आदेशाने मनाई आहे. टाकीत साधारण ८० ते ८५ टक्केच द्रव भरून वर फुगायला जागा ठेवायची असते, पण गल्लीतल्या दुकानात ती कोण मोजणार? अशा टाकीवर मी सुचवलेली झडप बसवून काही साधणार नाही, कारण ती वस्तूच मुळात विकली जाता कामा नये. तिला चांगला पर्याय २०१३ पासून उपलब्ध आहे. तेल कंपन्यांचा ५ किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर मिळतो. दुर्दैवाने त्याला जोडायच्या शेगडीबाबत त्या योजनेने काही घडवलेले नाही.

माझ्या सूचनेवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला किमतीचा. झडपेमुळे शेगडीची किंमत वाढते हे मान्य आहे. परंतु थर्मोकपल आणि चुंबकी कॉक या गुंतागुंतीच्या वस्तू नाहीत आणि सगळ्याच शेगड्यांना त्या लागू झाल्या तर त्यांची किंमत आज हॉबच्या दुकानात आकारतात तेवढी राहणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही झडप असलेली शेगडी पेटवताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो, वाऱ्याने ज्योत सळईपासून हलली तर चालू शेगडी बंद पडते, सळईवर तेलाची राप बसली तरी तसेच होते. सकाळच्या गर्दीत शेगडी दोनदा विझली की गाडीवाला नॉब चिकटपट्टीने दाबून बसवील किंवा मेकॅनिकला सांगून झडपच काढून टाकील. मी दुरुस्तीला आलेल्या शेगड्यांत याहून विलक्षण जुगाड पाहिले आहेत. म्हणूनच झडप सक्तीची करताना बर्नरभोवती वारा अडवणारे कडे, पुसायला सोपी आणि सहज बदलता येणारी सळई, तसेच नॉब दाबून ठेवला तरी झडप निकामी होणार नाही अशी रचना, या तिन्ही गोष्टी मानकातच लिहिल्या पाहिजेत. नुसती झडप घाला म्हटले तर पहिल्याच महिन्यात ती कचऱ्यात जाईल.

हे काम कोणी करायचे, याबाबत संदिग्धता नको. घरगुती एलपीजी शेगड्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आय. एस. ४२४६ हे मानक आहे. मानकचिन्ह मिरवणाऱ्या बहुतेक साध्या शेगड्यांत ही झडप नसते, यावरून ती आज बंधनकारक नाही हे उघड आहे. ब्युरोने निदान एक बर्नरच्या, हलवता येणाऱ्या शेगड्यांपासून ती बंधनकारक करायला सुरुवात करावी आणि हाय-प्रेशर भट्ट्यांनाही त्याच शिस्तीत आणावे. उज्ज्वला योजनेतून सरकार स्वतःच फार मोठ्या प्रमाणावर शेगड्या पुरवते. खरेदीच्या अटींमध्ये ही झडप आली तर उत्पादकांना वेगळे समजावण्याची गरज उरणार नाही. सिलिंडर आणि त्यांच्या झडपांवर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. छोट्या बेकायदा टाक्यांचा स्रोत शोधण्याचे काम त्यांनी आणि राज्याच्या पुरवठा विभागाने मिळून करावे.

महापालिकांनाही बरेच करता येईल. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा मुख्यतः इमारतींचा विचार करतो. हातगाडी त्यात नीट बसत नाही. पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्री प्रमाणपत्र देताना अटी घालता येतात आणि नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधीही असतात. खाद्यपदार्थांच्या गाडीला प्रमाणपत्र देताना मानक शेगडी, मानक नळी, वारा अडवणारे कडे आणि सिलिंडर शेगडीपासून वेगळा ठेवण्याची जागा या अटी घालाव्यात आणि पीएम स्वनिधीच्या कर्जातून ही खरेदी करण्यास विक्रेत्यांना मदत करावी. ज्याचे पोट त्या गाडीवर आहे त्याचा सिलिंडर उचलून नेल्याने तो दुसऱ्या दिवशी अधिक धोकादायक सिलिंडर आणतो, हे कारवाई करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही ठाऊक असते.

अग्निशमन दलाकडे एक स्वतंत्र विनंती आहे. आगीच्या अहवालात ‘सिलिंडरचा स्फोट’ एवढेच लिहून थांबू नये. गॅस कॉकमधून सुटला, नळीतून सुटला की सिलिंडरच्या झडपेतून, शेगडी कोणत्या प्रकारची होती आणि रेग्युलेटर चालू होता का, हे ठरावीक रकान्यांत नोंदवावे. या नोंदी वर्षभर नीट झाल्या, तर कोणत्या झडपेची सक्ती आधी करायची यावर मानक ब्युरोपुढे बोलताना माझ्यासारख्याच्या तर्काऐवजी राज्याची स्वतःची आकडेवारी ठेवता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गॅस-उपकरण तंत्रज्ञ, पुणे