रिलेची चकती साडेसातवर आणा, बाबा

ती. आई-बाबांना सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "मोटर घडीघडी ट्रिप व्हायची, वायरमननं रिले वाढवून दिला, आता एकदम बरी चालते." बाबा, ती बरी झाली म्हणून चालत नाही, तिला थांबवणारं कोणी उरलं नाही म्हणून चालते. हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. आई, तू वाचून दाखव. बाबा चष्मा शोधत बसले तर गव्हाचं ओलीत होऊन जाईल.

आपल्या पाच एचपीच्या मोटरच्या पाटीवर फुल लोड करंट, म्हणजे पूर्ण भारावर ती ओढते तो करंट, ७.५ अँपिअर आहे. स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर असतो, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच; त्याच्या खाली बसवलेला छोटा डबा म्हणजे रिले. त्यात तीन फेजच्या तीन जोडधातूच्या पट्ट्या असतात. करंट जास्त झाला की त्या तापून वाकतात आणि कॉन्टॅक्टर सोडवतात. मोटरच्या पोटातली उष्णता त्या बाहेर बसून मोजतात म्हणा ना. त्यांना मोटरचा आकडा सांगायला ती चकती असते, म्हणून ती साडेसातवर हवी. आता ती दहावर आहे.

रात्रीच्या पाळीत सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज ४१५ चं साडेतीनशेवर येतं. पाणी तर तेवढंच उचलायचं असतं, मग मोटर नऊ अँपिअरच्या आसपास ओढते. करंट २० टक्के वाढला की वाइंडिंगमधली, म्हणजे मोटरच्या आतल्या तारांच्या गुंडाळ्यांमधली, उष्णता ४४ टक्के वाढते. साडेसातवर लावलेला रिले अशा वेळी दोन तासांच्या आत ट्रिप व्हायलाच हवा. दहावरच्या रिलेला ते नऊ अँपिअर कमीच वाटतात. वाइंडिंगचा वार्निश मात्र रोज थोडा थोडा भाजत राहतो.

इथं बुटीबोरीच्या कारखान्यातही हीच भानगड. तीस एचपीच्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर असतो, म्हणजे आधी वाइंडिंगला कमी व्होल्टेज देऊन मोटर सुरू करणारा आणि मग पूर्ण व्होल्टेज देणारा; पाटीवर ४० अँपिअर. पण रिले वाइंडिंगच्या वाटेत बसवलेला असला की त्यातून लाइनचा ५८ टक्केच करंट जातो, म्हणून सेटिंग २३ ठेवायची. नवीन पोरं पाटी वाचून ४० लावतात, मग रिले असून नसल्यासारखा. सारखी ट्रिप व्हायला लागली की सुपरवायझरही आधी चकतीकडेच बोट दाखवतो, त्यामुळे वायरमनला एकट्याला दोष देत नाही.

चकती मागे आणली की ट्रिप पुन्हा सुरू होईल, तेव्हा कारण शोधा. एक फेज गेला असेल तर सुरू करताना मोटर नुसती हुं करते, आणि चालू असताना गेला तर उरलेल्या दोन फेजमध्ये साधारण पावणेदोन पट करंट जातो. आधी डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळचा, फ्यूज वायरमनकडून पाहून घ्या, स्वतः चढू नका. दुसरं म्हणजे रिलेचे स्क्रू. मेन बंद करून डबा उघडा. एखाद्या वायरचं टोक काळं पडलं असेल, प्लास्टिक पिवळं होऊन फुगलं असेल, तर तो स्क्रू ढिला आहे. तिथली गरमी पट्टीला लागते आणि करंट बरोबर असूनही रिले सुटतो. पंपाचा बेअरिंग आवाज करतो का, तेही ऐका.

ट्रिप झाल्याबरोबर रिसेट बसत नाही, पट्ट्या थंड व्हायला काही मिनिटं द्या. रिसेटचा खटका 'ऑटो'वर असेल तर 'हँड'वर आणा. नाहीतर तुमच्या त्या मोटर आपोआप चालू करणाऱ्या ऑटो पेटीमुळे मोटर तापलेली असतानाच आपोआप पुन्हा चालू होईल. आणि फ्यूज काढून जाड तार लावू नका. शॉर्ट झालं तर रिले काही कामाचा नाही, तिथं फ्यूजच लागतो.

आई, उद्या बाबांसोबत वावरात जा आणि पाटीचा व रिलेचा, दोन्हींचे फोटो जवळून काढून पाठव. पाटीवरची धूळ आधी पुसून घे, मागच्या वेळी फोटोत आकडा नीट दिसला नव्हता.

तुमची,
ताई