टाकी रिकामी दिली होती, मग पेट्रोल आले कुठून?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
दुचाकी वाहतूक सेवा, पुणे कार्यालय

विषय: तिरुवनंतपुरमहून पुण्याला पाठवलेल्या येझदी रोडकिंगचे इंजिन जाम झाल्याबद्दल भरपाई मिळणेबाबत

महोदय,

'वाहन १९८८ सालचे असल्याने इंजिनातील बिघाड नैसर्गिक झीज या सदरात मोडतो, सबब दावा नामंजूर' हा तुमचा ईमेल मिळाला. एका ओळीत तुम्ही विषय मिटवलात. माझ्याकडून तो मिटलेला नाही.

आम्ही चार मित्र आपापल्या जुन्या गाड्या घेऊन पुण्याहून कन्याकुमारीला गेलो होतो. माझी येझदी, एक आरएक्स हंड्रेड आणि उजव्या पायात गिअर असलेल्या दोन बुलेट. आंबोलीतून सावंतवाडीला उतरलो आणि पुढे ६६ क्रमांकाचा महामार्ग धरून गोकर्ण, उडुपी, कण्णूर, आलप्पुळा असे खाली गेलो. दीड हजार किलोमीटरच्या आसपास रस्ता, त्यात केरळात ठिकठिकाणी चौपदरीकरणाची खोदाई. एवढ्या वाटेत येझदीचा प्लग एकदा काळा पडला, तो पॉलिश पेपरने घासून परत लावला. एका बुलेटची क्लच केबल तुटली, जादाची पिशवीत होतीच. बाकी गाड्यांनी हूं की चूं केले नाही. परतीला रजा उरल्या नव्हत्या, म्हणून आम्ही रेल्वेने आलो आणि गाड्या तुमच्या ताब्यात दिल्या.

देताना तुमच्या माणसाने सांगितले की टाकीत थेंबभरही पेट्रोल चालणार नाही. योग्यच आहे. नळी लावून मी टाकी रिकामी केली. त्याने स्वतः गाडी सुरू करून पाहिली होती, किलोमीटरचा आकडा लिहून घेतला होता, 'डॅमेज: नाही, फ्युएल: निल' असे भरून माझी सही घेतली होती. त्या फॉर्मची प्रत सोबत जोडली आहे.

पुण्यात गाडी मिळाली ती कबूल केलेल्या तारखेच्या बऱ्याच उशिरा. उशिराचे सोडून देतो. गाडी हलवली तेव्हा टाकीत काहीतरी डुचमळले. झाकण उघडले तर आत पेट्रोल. मीटर फॉर्मवरच्या आकड्यापेक्षा नऊ किलोमीटर पुढे. आणि किकचा दांडा बाहेरच्या बाजूला वाकलेला.

इथे जरा तपशिलात जावे लागेल, कारण तुमच्या गोदामात हे कुणाला माहीत नसावे. रोडकिंगमध्ये किक आणि गिअर हा एकच दांडा असतो. तो आत दाबून वर फिरवला की किक होतो. न दाबता जोर लावला की वाकतो. दुसरे म्हणजे हे टू-स्ट्रोक इंजिन आहे आणि त्याला ऑइल पेट्रोलमधूनच मिळते. आरएक्ससारखी ऑइलची वेगळी टाकी इथे नाही. मी लिटरला ४० मिली ऑइल मिसळतो. टाकीत सापडलेले पेट्रोल मेकॅनिकने बाटलीत काढले, ते पंपावरचे निव्वळ पेट्रोल निघाले, ऑइलचा रंगही नाही आणि चिकटपणाही नाही. अशा पेट्रोलवर येझदी चालवली की पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. तसेच झाले आहे. हेड आणि सिलिंडर उतरवल्यावर पिस्टनवर बोट फिरवले तर उभे ओरखडे नखाला लागतात, आणि रिंगा खाचांत चिकटून बसल्या आहेत. गाडी ढकलण्याचा कंटाळा आला म्हणून कुणीतरी पेट्रोल ओतून ती पळवली, याखेरीज दुसरा अर्थ मला तरी लागत नाही. तुम्हाला लागत असेल तर लेखी कळवा. झिजेने टाकीत पेट्रोल येत नाही.

माझ्या गाडीचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीचा व्यास, आजवर स्टँडर्ड, म्हणजे कारखान्यातल्याच मापाचा होता. आता रिबोअर करून, म्हणजे तो कातून मोठा करून, वरच्या मापाचा पिस्टन टाकावा लागेल, म्हणजे कारखान्यातून आलेला सिलिंडर कायमचा गेला. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. येझदी हे नाव २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आले, पण त्या गाड्यांचे सुटे भाग हिला बसत नाहीत. गाडी जुनी आहे म्हणून नुकसान कमी, हा तुमचा हिशेब इथे उलटा लागतो. आणि तुम्ही जिला झिजलेली म्हणता, तिची तपासणी करून आरटीओने नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून दिली आहे. पर्यावरण करही भरलेला आहे.

बिलात 'ट्रान्झिट विमा' म्हणून वेगळी रक्कम लावली आहे. कोणत्या विमा कंपनीची पॉलिसी, किती रकमेची, हे तीनदा विचारूनही मला कळलेले नाही. विमा उतरवलाच नसेल तर ती रक्कम कसली घेतली?

मागणी सरळ आहे. रिबोअर, पिस्टन, रिंगा, किकचा दांडा आणि मजुरी यांचा खर्च (अंदाजपत्रक सोबत आहे), विम्याची पॉलिसी किंवा घेतलेली रक्कम परत, आणि दावा नामंजूर करणारा ईमेल मागे घेणे. रस्ते वाहतूक कायदा, २००७ प्रमाणे माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यायची लेखी नोटीस हीच समजावी. त्या कायद्यानुसार वाहतूकदाराचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकावर नसते. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, हेही मी विचारून ठेवले आहे.

पिस्टन, सिलिंडर आणि पेट्रोलची बाटली मेकॅनिककडे जशीच्या तशी ठेवली आहे. पाहणीला रविवार सोडून कधीही माणूस पाठवा. फक्त येझदीची किक कशी मारतात हे माहीत असलेला पाठवा.

आपला,
(वाहनमालक, येझदी रोडकिंग)

सोबत: बिल्टी, ताबा फॉर्म, मीटर व पिस्टनची छायाचित्रे, मेकॅनिकचे अंदाजपत्रक, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत