जर्मनीचा भोंगा आणि आमचं पिंप

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या अंकात जर्मनीतल्या सायरन चाचणीची बातमी वाचली. सप्टेंबरचा दुसरा गुरुवार, सकाळी 11 ला धोक्याचा आवाज, पावणेबाराला धोका टळल्याचा. शेवटी आपण विचारलंय, आपल्याकडे असं कधी होणार? साहेब, होऊन गेलं. आमचा एक फोन गेला त्यात.

जुलै 2023 मधली ती मोबाइलवरच्या धोक्याच्या इशाऱ्याची सरकारी चाचणी आठवत असेल. आई पिंपातलं पाणी काढत होती, फोन कमरेला खोचलेला. तो असा काही किंचाळला, की तिनं विंचू झटकावा तसा झटकला. गेला थेट पिंपात. माझ्या फोनवर तोच संदेश आला होता : ही चाचणी आहे, दुर्लक्ष करा. तिचा फोन तीन दिवस तांदळात ठेवला, उठला नाही. पाणी पाचव्या दिवशी आलेलं, ते ओतून द्यायला तिचा जीव होईना, ते दुःख वेगळंच.

याच आईचा अख्खा संसार भोंग्यावर चालला. वडील लक्ष्मी-विष्णू कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. पहाटेचा भोंगा झाला की तवा चढायचा, पाळी सुटल्याचा झाला की आम्हा पोरांचे पत्ते बंद. अवेळी वाजलाच, तर गल्लीतल्या सगळ्या बाया पीठभरल्या हातांनी दारात. मिलमध्ये काही झालं की काय! रोजचा आवाज कानात बसलेला होता, म्हणून वेगळा कळायचा.

आता कान कुठले? 30 जानेवारीला, हुतात्मा दिनी, 11 वाजता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं असतं. यंदा स्कूटर थांबवून राहिलो, तर मागून रिक्षावाला म्हणतो, ‘‘काय मालक, पेट्रोल संपलं का?’’

7 मे 2025 च्या नागरी संरक्षणाच्या तालमीत (मॉक ड्रिल) महाराष्ट्रातली 16 ठिकाणं होती, त्यात सोलापूर नव्हतं. ठीक आहे, सीमा लांब आहे. सीना नदी तर लांब नाही ना? त्याच वर्षी सप्टेंबरात पूर आला, तेव्हा माझ्या आतेबहिणीला कळलं ते देवळाच्या स्पीकरवरून. गावातली पोरं नावं घेऊन एकेकाला उठवत होती.

आणि जर्मनांचं कौतुक जरा बेतानं करावं. 2020 ला त्यांचाही फोनवरचा इशारा अर्धा तास उशिरा पोचला होता. पण त्यांनी ‘फसलं’ असं सांगून टाकलं. आपल्याकडे चाचणी नापास झालेली आपण कधी छापलीय का?

आपला,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

ता. क. : पेठेत भोंगा बसवणारच असाल, तर नळाला पाणी सुटल्यावरही वाजवा. रात्री अडीचला सुटलं तरी चालेल, आई जागीच असते.