वर्गात बसलेलं मूल पटावर मोजा

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

आम्ही मुंबईतल्या अनुदानित कॅथलिक शाळांत काम करतो. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा 1863 साली येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी सुरू केली, ती अनाथ मुलांसाठी. पाठोपाठ 1864 मध्ये माझगावची सेंट मेरीज आणि 1869 मध्ये धोबीतलावची सेंट झेवियर्स आली. पुढे 28 ऑक्टोबर 1965 च्या व्हॅटिकनच्या शिक्षणविषयक घोषणेनं कॅथलिक शाळांचं कर्तव्य शब्दांत मांडलं: आधी गरीब, मग घरचा आधार नसलेले, आणि ज्यांचा आमच्या धर्माशी संबंध नाही तेही. नेमकी हीच मुलं आज संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करताना, गळतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या 26 सप्टेंबर 2018 च्या निकालानुसार शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही. म्हणून मूल दाखल होतं. पण शिक्षकांची पदं ठरवताना आधार शाळेच्या नोंदीशी जुळून वैध ठरलेलीच मुलं धरली जातात. शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट पहिली ते पाचवीच्या 61 ते 90 मुलांना 3 शिक्षक देतं, 91 ते 120 मुलांना 4. समजा, हजेरीपटावर 92 मुलं आहेत आणि तिघांचं आधार जुळलं नाही. पट 89 धरला, तर चौथा शिक्षक अतिरिक्त ठरतो. मुलं मात्र 92 च राहतात.

आधार का जुळत नाही? बहुतेकदा कारण अगदी क्षुल्लक असतं. डिसूझासारख्या आडनावातल्या इंग्रजी ‘डी’नंतर एका कागदावर अपॉस्ट्रॉफी, दुसऱ्यावर मोकळी जागा, तिसऱ्यावर सगळी अक्षरं सलग. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे नसतं, जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदवहीत, ते आपल्या पद्धतीनं घातलेलं असतं. स्थलांतरित कुटुंबांच्या आधारवर कधी आडनावच नसतं. कधी फक्त जन्मवर्ष सांगितलेलं असतं, म्हणून तारीख 1 जानेवारी पडते. रजिस्टर मुख्याध्यापकांना परस्पर बदलता येत नाही, आणि आधार दुरुस्त करायचं तर रोजंदारीवरच्या पालकांचा दिवस बुडतो.

बोगस पटाला आळा हवाच, त्यावर आमचं दुमत नाही. पण तो आळा मूल समोर उभं करूनही घालता येतो. आधार न जुळलेल्या मुलांची यादी वेगळी काढावी, शिक्षण निरीक्षकांच्या प्रतिनिधीनं वर्गात येऊन हजेरीपट व जनरल रजिस्टरशी ती पडताळावी आणि सापडलेली मुलं पटात धरावीत. आधार दुरुस्तीचं शिबिर जुलैत शाळेतच भरवावं. पट धरण्याच्या तारखेच्या, म्हणजे 30 सप्टेंबरच्या, तोंडावर भरवलेल्या शिबिरातल्या दुरुस्त्या वेळेत नोंदवल्या जात नाहीत. ही दोन्ही कामं झाल्याशिवाय कुठलंही पद अतिरिक्त ठरवू नये. असा आदेश येत्या पटनोंदणीआधी काढावा, ही कळकळीची विनंती.

आपले,
मुंबईतल्या अनुदानित कॅथलिक शाळांमधले शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी