रासायनिक अपघातप्रसंगीच्या तयारीबाबत सभासदांना सूचना

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक परिसरातील तसेच निपाणी, संकेश्वर मार्गावरील सर्व सभासदांस कळविण्यात येते की, १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर कायदे कडक झाले आणि १९९६ च्या नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा व स्थानिक अशा चार स्तरांवर आपत्ती गट नेमण्याची तरतूद केली. जिल्हा गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कारखान्याच्या आवारातील आराखडा मालकाने, तर आवाराबाहेरचा जिल्हा प्रशासनाने करावयाचा असतो. परंतु शेजारच्या वस्तीला तो ठाऊक नसेल, तर तो कागदावरच राहतो, अशी आमची खरी चिंता आहे.

राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून रसायनांचे टँकर अहोरात्र जातात. टँकरवरील चार अंकी क्रमांक (उदाहरणार्थ १०१७ म्हणजे क्लोरीन) दुरूनच वाचता आला, तर ११२ वर सांगावा. त्यासाठी जवळ मात्र जाऊ नये. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचतो, म्हणून वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघून उंचावर जावे.

येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता होणाऱ्या बैठकीस प्रत्येकाने आपल्याकडील साठ्याची यादी आणावी. धोक्याच्या सूचना कन्नडसोबत मराठीतही लावण्याची विनंती प्रशासनास करण्याचा ठराव त्याच बैठकीत मांडला जाईल.